काचेतल्या बाळाला रक्तात इन्फेक्शन का होतं? बाहेरच्या बाकावरचे नेहमीचे प्रश्न

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी बरीच वर्षं सिस्टर आहे. विभागाच्या दाराबाहेर एक लांब बाक आहे. तिथे बसलेले आई-बाबा आणि आजी-आजोबा जे विचारतात, ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत इथे घेतले आहेत. औषधाचा निर्णय तुमच्या बाळाचे डॉक्टरच घेतील. पण बाळाच्या बाबतीत काय चाललंय आणि का चाललंय, हे घरच्यांना कळायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

"रक्तात इन्फेक्शन झालंय" म्हणजे नेमकं काय झालंय?

जंतू, म्हणजे जिवाणू किंवा कधी बुरशी, रक्तात शिरून तिथे वाढायला लागले आहेत. त्यांच्याशी झुंजताना बाळाच्या शरीराची जी घडी विस्कटते, तिला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. मोठ्या माणसाच्या बोटाला जखम पिकली तर पू तिथेच साचतो, कारण शरीर त्याभोवती कुंपण घालतं. नवजात बाळाला, त्यातही कमी दिवसांच्या बाळाला, हे कुंपण घालता येत नाही. सकाळी बरं दिसणारं बाळ संध्याकाळी राखाडी पडू शकतं, ते यामुळेच.

ते दवाखान्यातच झालं, हे कशावरून?

पुस्तकातला हिशोब ७२ तासांचा आहे. जन्मानंतर ७२ तासांच्या आत दिसलं तर ते बहुधा आईच्या जननमार्गातून किंवा गर्भजलातून आलं, त्यानंतर दिसलं तर बहुधा भोवतालच्या वातावरणातून, म्हणजे दवाखान्यातून. हा हिशोब मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या अनुभवावर बेतलेला आहे. आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात १३,५३० नवजात बाळांवर लक्ष ठेवून एक अभ्यास झाला. त्यात सेप्सिस झालेल्या बाळांपैकी जवळपास दोन तृतीयांश बाळांना तो पहिल्या ७२ तासांतच झाला होता. आणि कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, सापडलेले जंतू कोणते? सगळ्यांत जास्त ॲसिनेटोबॅक्टर, मग क्लेबसिएला, आणि ई. कोलायही बरेच. पहिले दोन तर दवाखान्यात मुरलेले जंतू आहेत. याचा अर्थ काही बाळांना हा संसर्ग प्रसूतिगृहातच, जन्मल्यावर लगेच लागत असावा. म्हणून "तीन दिवसांच्या आत झालं, म्हणजे आईकडूनच आलं" असं कुणी ठामपणे सांगितलं तर ते लगेच मान्य करू नका.

आईचं काही चुकलं का? तिने डोहाळ्यांत काही खाल्लं का?

हा प्रश्न बहुतेक वेळा आजी विचारतात, तोही सून बाजूलाच बसलेली असताना. नाही. पपई, वांगं, थंड पाणी, ग्रहण, यांतल्या कशानेही बाळाच्या रक्तात जंतू जात नाहीत. आईला प्रसूतीच्या वेळी ताप असेल, पाणमोट फुटून १८ तासांहून जास्त वेळ गेला असेल किंवा पाण्याला घाण वास येत असेल, तर बाळाला लवकरचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते हे खरं. पण तो वैद्यकीय धोका झाला, त्यात आईचा दोष कुठला? बाळंतिणीच्या मनावर असलं ओझं टाकलं की तिचं दूध कमी येतं, आणि त्या दुधाची बाळाला औषधाइतकीच गरज असते.

शेजारच्या बाळाला काही नाही, मग आमच्याच बाळाला का?

बहुतेकदा याचं उत्तर दोन आकड्यांत असतं: बाळ किती आठवड्यांचं आहे आणि वजन किती. दीड किलोच्या आतलं बाळ मोठ्या धोक्यात असतं, एक किलोच्या आतलं त्याहून जास्त.

कारणं सांगते. आईच्या रक्तातली संरक्षक प्रथिनं वारेतून बाळाकडे जातात, पण त्यांचा मोठा साठा शेवटच्या तीन महिन्यांत पोचतो. अठ्ठावीसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ती शिदोरी न घेताच निघालेलं असतं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा साठाही त्याच्याकडे तोकडा असतो, लढताना लवकर संपत येतो. रिपोर्टमध्ये "पेशी कमी झाल्या" असं दिसतं त्याचं हे एक कारण.

तिसरी गोष्ट कातडी. ती कधी जवळून पाहिलीत तर विसरणार नाही. आठशे-नऊशे ग्रॅमच्या बाळाची कातडी ओल्या टिश्यू पेपरसारखी असते, खालच्या शिरा निळ्या दिसतात. इंट्राकॅथ, म्हणजे शिरेतली बारीक नळी, बसवल्यावर लावलेली चिकटपट्टी घाईने ओढली तर पट्टीबरोबर कातडीचा पापुद्राच निघून येतो. जंतूंसाठी ते उघडं दार. म्हणून आम्ही पट्टी कडेने ओली करत, मिलिमीटर-मिलिमीटरने सोडवतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, सिस्टरला एवढा वेळ का लागतोय.

मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्त आजारी पडतात. जन्मतः श्वास कोंडलेलं, आतड्याचं ऑपरेशन झालेलं किंवा दुसऱ्या दवाखान्यातून हलवून आणलेलं बाळही जास्त जपावं लागतं.

जंतू आत शिरतात तरी कुठून? हवेतून?

फार थोडे. नवजात विभागातले जंतू उडत येत नाहीत, हातांवर बसून येतात आणि नळ्यांतून आत जातात. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तर पुढची उत्तरं सोपी होतील.

कमी वजनाच्या बाळाला हाताची इंट्राकॅथ असते, बऱ्याचदा नाळेतून घातलेली नळी असते, पुढे लाँग लाइन, म्हणजे शिरेतून खोलवर जाणारी लांब बारीक नळी, असते. प्रत्येक नळीला बाहेरच्या टोकाला एक तोंड असतं, त्याला आम्ही हब म्हणतो. दिवसातून दहा-वीस वेळा त्या तोंडातून औषध, सलाईन, फ्लश (नळी धुऊन काढायचं सलाईन) जातं. प्रत्येक वेळी ते तोंड स्पिरिटच्या बोळ्याने किमान १५ सेकंद रगडायचं आणि वाळू द्यायचं, मगच सिरिंज जोडायची. पंधरा सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. रात्री तीन वाजता, दोन मॉनिटर एकदम वाजत असताना, मनात एक ते पंधरा मोजून बघा.

मी नवी होते तेव्हाची एक गोष्ट. ज्या दवाखान्यात काम करत होते तिथे एका आठवड्यात एकाच ओळीतल्या तीन बाळांच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला आला. आम्ही वॉर्मर, म्हणजे बाळांना ऊब देणाऱ्या खाटा, धुतल्या, सक्शनच्या, म्हणजे स्राव ओढून काढायच्या, नळ्या बदलल्या, बेसिन घासली. शेवटी एका ज्येष्ठ सिस्टरांचं लक्ष टेबलावरच्या सलाईनच्या बाटलीकडे गेलं. सकाळी बाटली उघडायची, बुचात एक सुई टोचून ठेवायची आणि दिवसभर सगळ्या बाळांचे फ्लश त्याच सुईतून काढायचे, अशी आमची पद्धत होती. बाटलीतलं पाणी तपासायला पाठवलं. तेच जंतू निघाले. त्या दिवसापासून एका बाळासाठी काढलेलं सलाईन मी दुसऱ्या बाळाला कधीच वापरलेलं नाही. त्यातल्या एका बाळाला आम्ही वाचवू शकलो नाही, आणि त्याची आई मला आजही दिसते.

सलाईनमध्ये औषध मिसळण्याची जागा, अनेक बाळांना पुरवलेली एकच कुपी, शिरेतून दिली जाणारी चरबीची दुधी बाटली, श्वासाची हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरमधलं पाणी, दुधाची नळी, स्टेथोस्कोप, हे सगळे रस्ते असेच आहेत. ओल जिथे टिकते तिथे हे जंतू घर करतात. म्हणून बेसिनच्या शेजारी औषधं भरू नयेत, हा साधा नियम फार महत्त्वाचा आहे.

मग नळ्या घालताच कशाला?

कारण त्याशिवाय एक किलोचं बाळ पहिले दिवस जगत नाही. साखर उतरते, श्वास थांबतो, रक्तदाब पडतो. खरा प्रश्न नळी किती दिवस ठेवायची हा आहे. नळीचा प्रत्येक जास्तीचा दिवस म्हणजे जास्तीचा धोका. नाळेतली नळी शक्यतो आठवड्याच्या आत काढावी, असं आता सांगितलं जातं. सकाळच्या राउंडला प्रत्येक नळीबद्दल "आज ही लागते का?" असं विचारलं गेलं पाहिजे. तुम्हीही विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

दूध पचणार नाही असं वाटतं. नुसत्या सलाईनवर ठेवलेलं बरं नाही का?

उलट. उपाशी आतडं कमकुवत होतं, त्याच्या भिंतीतून जंतू रक्तात झिरपतात, आणि दूध जितकं लांबेल तितकी सलाईनची नळी जास्त दिवस राहते. दोन्हीकडून नुकसान. म्हणून बाळ स्थिर असेल तर पहिल्या दिवसापासूनच थोडं थोडं दूध सुरू करतात, कधी दर दोन-तीन तासांनी एक मिलिलिटर.

पहिल्या दिवसांचं पिवळं घट्ट दूध, चीक, हाताने पिळून काढलं तर कधी जेमतेम अर्धा मिलिलिटर निघतो. आया वाटी पुढे करताना ओशाळतात, "सिस्टर, एवढंच आलं." मी ते इन्सुलिनच्या छोट्या सिरिंजमध्ये थेंबाथेंबाने ओढून घेते आणि बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला लावते. बाळ ओठ चाटतं. तो अर्धा मिलिलिटर ओशाळण्याचा नाही, जपून आणण्याचा आहे.

आईचं दूध नसेल तर दुसऱ्या आईचं पाश्चराइज केलेलं दूध हा पुढचा पर्याय, पावडरचं दूध त्यानंतर. पावडरच्या दुधाने आतडं सडण्याचा आजार, एनईसी, वाढतो आणि त्यातून रक्तात संसर्ग होतो. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मानवी दुधाची पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. दान आलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून, तपासून मगच देतात. तुमच्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात अशी पेढी आहे का, विचारून ठेवा.

व्हेंटिलेटरमुळे इन्फेक्शन वाढतं का?

हो. श्वासनळीतली नळी म्हणजे थेट फुप्फुसात जाणारी वाट, आणि दर वेळी सक्शन करताना कुणाचा तरी हात तिथे जातो. म्हणून शक्य असेल तिथे नाकावरच्या सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर, भागवतात आणि व्हेंटिलेटरवरून लवकर उतरवायचा प्रयत्न करतात.

पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक चालू होतं. तरी इन्फेक्शन झालंच कसं?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण यामागे एक समजूत आहे: अँटिबायोटिक म्हणजे चिलखत. तसं नसतं. अँटिबायोटिक समोर असलेल्या, आणि त्याला दबणाऱ्या, जंतूंना मारतं. त्यात बाळाच्या आतड्यातले उपकारक जिवाणूही मरतात. जागा रिकामी होते, आणि त्या जागेवर जे औषधाला दाद देत नाहीत तेच जंतू बस्तान बसवतात. कल्चर निगेटिव्ह असूनही पाच-सात दिवस औषध चालू ठेवलेल्या लहान बाळांत पुढे एनईसी, संसर्ग आणि मृत्यू जास्त दिसले आहेत. सेफोटॅक्सिमच्या जातीची औषधं खूप वापरली की रक्तात बुरशी, कँडिडा, होण्याचा धोका वाढतो.

म्हणून डॉक्टर म्हणाले, "कल्चर निगेटिव्ह आहे, बाळ बरं आहे, औषध बंद करतोय", तर घाबरू नका. "अजून दोन दिवस सुरक्षितता म्हणून द्या ना" असा आग्रह धरू नका. औषध वेळेवर बंद करायलाही धैर्य लागतं, आणि तुमच्या आग्रहाने ते डळमळतं.

अ‍ॅसिडिटीचं औषध, म्हणजे रॅनिटिडीनसारखं, त्याचंही असंच. पोटातलं आम्ल हा जंतूंवरचा पहिला पहारा आहे. तो उठवला की संसर्ग वाढतो, हे लहान बाळांत दिसलेलं आहे. बाळाच्या औषधांच्या यादीत ते असेल तर कशासाठी आहे, विचारा.

एका सिस्टरकडे किती बाळं? गर्दीचा आणि इन्फेक्शनचा संबंध आहे का?

आहे, आणि हे बोलायला आम्हीही कचरतो. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला एक सिस्टर असावी. प्रत्यक्षात सरकारी विभागांत रात्रपाळीला एका सिस्टरकडे सहा, आठ, कधी त्याहून जास्त बाळं येतात. एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवावी लागतात. मग एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना हात चोळायचे २० ते ३० सेकंदच आधी कापले जातात. ते काही कुणी मुद्दाम टाळत नसतं. माझं स्पष्ट मत आहे की नवं महागडं यंत्र घेण्याआधी दोन सिस्टर आणि एक मावशी जास्त नेमल्या, तर जास्त बाळं घरी जातील.

मग आईला आत का सोडता? ती बाहेरचे जंतू आणणार नाही का?

आम्हीही बरीच वर्षं असंच समजत होतो आणि आयांना काचेबाहेर उभं करत होतो. आज त्याचं वाईट वाटतं.

घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली. भारतातलं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते १.८ किलोच्या आतली बाळं घेतली. निम्म्यांना नेहमीसारखं स्थिर होईपर्यंत वेगळं ठेवलं, निम्म्यांना जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवलं. त्यासाठी आईची खाट विभागातच टाकली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: छातीशी ठेवलेल्या बाळांत पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होते, आणि सेप्सिसचा संशयही कमी बाळांत आला. चाचणी वेळेआधीच थांबवली, कारण दुसऱ्या गटाला यापासून वंचित ठेवणं योग्य नव्हतं.

कारण उमजायला अवघड नाही. बाळाच्या कातडीवर आणि आतड्यात कुणाचे ना कुणाचे जंतू राहायला येणारच. ते आईचे साधे जंतू असावेत की दवाखान्यातले निर्ढावलेले? शिवाय आई एकाच बाळाला हात लावते, आम्ही अनेकांना. बाळाला असं छातीशी ठेवण्याला कांगारू पद्धत म्हणतात. तिच्यात बाळ उबदार राहतं, दूध वाढतं, नळ्या लवकर निघतात. रोज किमान आठ तास जमवा, जास्त जमलं तर उत्तमच. आई आजारी असेल तर बाबांनी छाती द्यावी. आजीही देऊ शकते.

आत सोडत नसतील तर नम्रपणे सांगा की घरच्यांना बाळाच्या काळजीत सामील करून घेण्याच्या केंद्र सरकारच्या सूचना २०१७ पासून आहेत.

हात धुतले की पुरे?

नीट धुतले तर बरंच काम झालं. आम्ही आयांना "सुमन-के" शिकवतो. हिंदी शब्दांची ही आद्याक्षरं: आधी तळवे सरळ, मग हातांची उलटी बाजू, मग मूठ, अंगठा, नखं आणि शेवटी कलाई, म्हणजे मनगट. बाहेरून आलात की साबणाने कोपरापर्यंत, आणि बाळाला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी सॅनिटायझर. हात वाळू द्या, पदराला पुसू नका. धुतलेले हात पदराला पुसले की सगळं वाया जातं.

अंगठी, घड्याळ, मनगटाचा दोरा, बांगड्या काढाव्या लागतात. बाळंतिणीचा हिरवा चुडा काढायचा म्हटलं की घरात कुजबुज होते. मी सासूबाईंनाच बोलावते, बांगडीखालची ओली मळकट रेघ दाखवते आणि म्हणते, "आजी, नातू घरी आला की तुमच्या हातांनी भरा चुडा." आजवर एकाही आजीने नकार दिलेला नाही. आणि मोबाइल बाहेर ठेवा. हात धुतल्यावर मोबाइलला बोट लागलं तर हात पुन्हा धुवा.

अंगारा, काळा दोरा, घुटी चालेल का?

अंगारा आणि दोरा दाराबाहेर, बाळाच्या नावाने, तुमच्याजवळ ठेवा. आत नको, कपाळालाही नको. घुटी, मध, साखरपाणी, काजळ बिलकूल नको. आणलेलं तेलही आपल्या मनाने लावू नका, कमी दिवसांच्या बाळाची कातडी त्यासाठी तयार नसते.

इन्फेक्शन आहे हे कळतं कसं?

बाळ ताप येऊन सांगत नाही, बहुधा ते गार पडतं. दूध पोटात राहतं, पोट फुगतं, श्वास मध्येच थांबतो, कातडीवर जाळीसारखी नक्षी उमटते, साखर वरखाली होते. पुष्कळदा आईच सर्वांत आधी म्हणते, "आज हा वेगळाच वाटतोय." ते वाक्य मी कधीच हसण्यावारी नेत नाही.

खात्री करते ती ब्लड कल्चर. त्यासाठी एक मिलिलिटर रक्त लागतं. "एवढंसं बाळ, एवढं रक्त कशाला?" असं वाटतं, पण कमी रक्त घेतलं की जंतू असूनही सापडत नाहीत. बहुतेक जंतू एक-दोन दिवसांत वाढतात. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, मदतीला असतो, पण एकट्या सीआरपीवर सगळं ठरत नाही. मेंदूच्या आवरणापर्यंत संसर्ग पोचलाय का, हे पाहायला पाठीतलं पाणीही काढावं लागतं.

"हाय पॉवरची" इंजेक्शनं किती दिवस?

कल्चर पॉझिटिव्ह असेल तर साधारण १० ते १४ दिवस, मेंदूच्या आवरणाला सूज असेल तर बऱ्याचदा २१. मेरोपेनेम, कोलिस्टिन अशी नावं ऐकाल. ती का लागतात? दिल्लीच्या त्याच अभ्यासात ॲसिनेटोबॅक्टरचे ८२ टक्के आणि क्लेबसिएलाचे ५४ टक्के नमुने अनेक औषधांना दाद न देणारे निघाले, आणि कल्चर पॉझिटिव्ह आलेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी वाचली नाहीत. हे आकडे लिहिताना हात जड होतो. पण जंतू आत शिरू न देणं हे उपचाराइतकंच मोठं काम का आहे, ते या आकड्यांवरून कळेल.

ही दवाखान्याची चूक म्हणायची का?

नेहमीच नाही. सातशे ग्रॅमच्या बाळाला, सगळं नीट पाळूनही, संसर्ग होतो. पण "होतंच असं" म्हणून सोडून देण्यासारखंही ते नाही, कारण यातला मोठा भाग टाळता येतो. भांडण्यापेक्षा प्रश्न विचारा: कल्चरमध्ये कोणता जंतू आला? विभागात आणखी कुणाला तोच आलाय का? कोणत्या नळ्या आहेत, किती दिवसांच्या? दूध किती चाललंय? कुणी हात न धुता बाळाजवळ आलं, मग ते मोठे डॉक्टर असोत की मी, तर "हात धुता का जरा?" म्हणा. मला एका आईने असं टोकलं होतं. मी मागे फिरून हात धुतले आणि येऊन तिचे आभार मानले.

घरी नेल्यावर काय बघायचं?

पाहुणे कमी, बारसं लांबलं तरी चालेल. सर्दी-खोकला असलेल्याने बाळ घेऊ नये. कांगारू चालू ठेवा, फक्त आईचं दूध द्या. बाळाने दूध ओढणं सोडलं, हातपाय आणि पोटही गार लागलं किंवा अंग तापलं, मिनिटाला ६० हून जास्त श्वास चालले, छाती आत ओढली गेली, आकडी आली किंवा बाळ उठवूनही उठेना, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, बाळाला छातीशी बांधा, डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या आणि निघा.